इरिनोटेकाननंतरचे जुलाब, आतड्यातले जिवाणू आणि दुकानातून परस्पर आणलेली पट्टी

औषधवेध · सोमवार, रात्री ९.१२

केमोच्या पेशंटला जुलाब लागले की आपल्याकडे घरचे आधी औषधाच्या दुकानात जातात आणि ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल या अँटिबायोटिकची पट्टी घेऊन येतात. सोबत प्रोबायोटिकची पुडी. धडधाकट माणसासाठीही ही सवय बरी नाही; इरिनोटेकान हे केमोचं औषध चालू असलेल्या माणसाच्या जुलाबाचं तर कारणच वेगळं असतं. ते कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात, म्हणून आधी तेच लिहितो.

इरिनोटेकान शिरेतून जातं तेव्हा त्यात फारसा जोर नसतो. शरीरातली कार्बोक्सिलएस्टरेज विकरं (एन्झाइम) त्याचं एसएन-३८ करतात. खरं औषध हे. मूळ रेणूच्या शंभर ते हजार पट जहाल. मग यकृतातलं यूजीटी१ए१ हे विकर एसएन-३८ वर ग्लुक्युरोनिक आम्लाचं (हे साखरेपासूनच बनतं) झाकण बसवतं. झाकण बसलं की रेणू निरुपद्रवी होतो, पित्तातून आतड्यात उतरतो आणि शौचावाटे बाहेर पडायला हवा.

इथे आतड्यातले जिवाणू मध्ये येतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींकडे बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे विकर असतं. त्यांना औषधाशी देणंघेणं नाही, त्यांना झाकणातली साखर हवी असते. ती खाऊन ते मोकळं एसएन-३८ तिथेच टाकतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या होतात, म्हणजे भराभर विभागणाऱ्या. आणि एसएन-३८ नेमकं विभागणाऱ्या पेशींनाच मारतं. अस्तर सोलवटतं, पाणी शोषलं जात नाही, जुलाब लागतात. थोडक्यात, यकृताने निष्प्रभ करून पाठवलेलं औषध आतड्यात पुन्हा चालू होतं.

जुलाब दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. सलाईन चालू असताना किंवा पहिल्या चोवीस तासांत मुरडा, घाम, तोंडाला आणि डोळ्यांना पाणी यांसकट होतात ते लवकरचे. त्यात जिवाणूंचा हात नाही; इरिनोटेकान ॲसिटिलकोलिनएस्टरेज या मज्जातंतूंच्या संदेशाशी निगडित विकराला अडवतं म्हणून ते होतात. त्यावर वॉर्डातच ॲट्रोपिन ०.२५ ते १ मिग्रॅ देतात. चोवीस तासांनंतर सुरू होतात ते उशिराचे, आणि वरची झाकणाची कथा त्यांची. तीन आठवड्यांतून एकदा डोस असेल तर ते साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास येतात, दर आठवड्याला डोस असेल तर अकराव्याच्या. म्हणजे पेशंट घरी पोचून निर्धास्त झालेला असताना.


वॉर्ड_सात · सोमवार, रात्री ९.४०

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. फोल्फिरीमध्ये (इरिनोटेकान आणि फ्लुरोयुरॅसिल ही केमोची औषधं एकत्र देण्याची पद्धत) इरिनोटेकान १८० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, मग फ्लुरोयुरॅसिलचा पंप ४६ तास, आणि हे दर चौदा दिवसांनी. तिसऱ्या दिवशी पंप निघाला की पेशंट गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याच्या गाडीत बसतो. जुलाब गावी लागतात, रात्री. म्हणून सामान नागपूर सोडायच्या आधी पिशवीत हवं: डॉक्टरांनी लिहून दिलेली जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची २ मिग्रॅची गोळी (किमान दोन दिवस पुरेल इतकी), एक लिटरच्या ओआरएसच्या पाच-सहा पुड्या, थर्मामीटर, वही-पेन आणि युनिटचा चोवीस तास उचलला जाणारा नंबर.

वहीत चार रकाने पुरेत: वेळ, कितव्यांदा, पातळ की पाण्यासारखं की रक्त, लघवी झाली का. "खूप वेळा झालं" यावरून काही ठरवता येत नाही. रोजच्यापेक्षा चारपेक्षा कमी वेळा जास्त ही ग्रेड एक, चार ते सहा जास्त ग्रेड दोन, सात किंवा अधिक ग्रेड तीन. मोजणी रोजच्या सवयीच्या वर करायची. मुळात दोनदा जाणारा माणूस आज आठदा गेला तर ते सहा जास्त धरायचे.


धंतोली_काउंटर · सोमवार, रात्री १०.०५

दुकानात बसतो म्हणून विचारतो. लोपेरामाइडच्या खोक्यावर दिवसाला जास्तीत जास्त १६ मिग्रॅ लिहिलेलं असतं. केमोवाल्यांच्या चिठ्ठीत दर दोन तासांनी एक गोळी असते, म्हणजे दिवसाचे २४ मिग्रॅच्या आसपास. आमच्याकडची पोरं घाबरून पेशंटला अर्धंच देऊन राहिली. चूक कोणाची?


औषधवेध · सोमवार, रात्री १०.३१

भाऊ, चिठ्ठीत चूक नाही, आणि पोरांची शंकाही रास्त आहे. खोक्यावरची मर्यादा साध्या जुलाबासाठी असते. इरिनोटेकानच्या उशिराच्या जुलाबासाठी वेळापत्रक वेगळं आहे: पहिल्या पातळ शौचालाच ४ मिग्रॅ, मग दर दोन तासांनी २ मिग्रॅ, रात्री झोप मिळावी म्हणून दर चार तासांनी ४ मिग्रॅ. सलग बारा तास शौच झालं नाही की थांबवायचं. ४८ तासांपलीकडे ओढायचं नाही, कारण आतड्याची हालचालच बंद पडू शकते आणि मोठ्या डोसात हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. हे फक्त ऑन्कोलॉजिस्टच्या लेखी चिठ्ठीवर. चिठ्ठीवर "इरिनोटेकाननंतर" हा शब्द नसेल तर युनिटला फोन करून विचारा, पण मनाने अर्ध्यावर आणू नका.

गोळीला उशीर हीच मोठी चूक होते. "दोन-तीनदा होऊ द्या, मग बघू" म्हणेपर्यंत अस्तराची वाट लागलेली असते. आणि तीन प्रसंगी लोपेरामाइड घ्यायचंच नाही, थेट दवाखाना: ताप, शौचात रक्त, पोट फुगून उजव्या बाजूला खाली दुखणं. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येते. तेव्हा आतडं गोळीने गप्प बसवलं तर ते फाटण्यापर्यंत जातं.


सूक्ष्मदर्शी · मंगळवार, सकाळी ७.५०

औषधवेध सरांनी झाकण म्हटलं ते चपखल आहे. त्यात जिवाणूंच्या बाजूचं थोडं घालतो.

बीटा-ग्लुक्युरोनिडेज माणसाच्या पेशींतही असतं, लायसोसोममध्ये (पेशीतला कचरा मोडणारी पिशवी), आणि ते लागतंच. जन्मतः ते नसेल तर स्लाय रोग होतो. म्हणून "हे विकर बंद करा" इतकं सोपं काम नाही. पण जिवाणूंच्या विकराच्या तोंडाशी एक वेटोळं असतं, ते माणसाच्या विकराला नसतं. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रेडिन्बो यांच्या गटाने याच वेटोळ्याला चिकटणारे रेणू शोधले. उंदरांना इरिनोटेकानबरोबर ते दिले तेव्हा आतड्याचं अस्तर वाचलं, जिवाणूही मेले नाहीत. जिवाणू न मारता त्यांच्या हातातलं एक हत्यार तेवढं काढून घ्यायचं, ही दिशा मला सगळ्यात आश्वासक वाटते. अजून ती रुग्णाच्या पलंगापर्यंत आलेली नाही, म्हणून या नावाने कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.


धंतोली_काउंटर · मंगळवार, सकाळी ८.२०

मग जिवाणूच मारले तर? ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलने झाकण काढणारे कमी होतील ना? म्हणजे पट्टी देणारा अजाणता बरोबरच काम करतो की काय?


सूक्ष्मदर्शी · मंगळवार, सकाळी ९.०५

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तो तपासूनही झाला आहे. निओमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं. छोट्या अभ्यासात आशा दिसली, विकराचं काम कमी झालं. पण नंतरच्या प्लासिबोशी तुलना केलेल्या चाचणीत जुलाबात ठोस फरक पडला नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. अँटिबायोटिक सरसकट मारतं. अस्तराच्या पेशींना ब्युटिरेट हे खाद्य पुरवणारे जिवाणूही त्यात जातात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब लावणारा जिवाणू बसतो आणि त्याचे जुलाब मूळ दुखण्यापेक्षा भारी पडतात.

आणि ऑर्निडॅझोलच्या चुलतभावाबद्दल एक गोष्ट काउंटरवर लिहून लावावी अशी आहे. मेट्रोनिडॅझोल फ्लुरोयुरॅसिलचा निचरा मंदावतं. रक्तात औषध साठून विषारीपणा वाढल्याची नोंद आहे. फोल्फिरीच्या पेशंटला पंप चालू असताना किंवा नुकता निघाला असताना मेट्रोनिडॅझोल परस्पर देणं म्हणजे जिवाणूंच्या नावाखाली केमोचाच डोस वाढवणं. क्लॉस्ट्रिडिऑइडिसचा संशय असेल तर शौचाची तपासणी करून डॉक्टर ठरवतील.


औषधवेध · मंगळवार, सकाळी ९.४८

फ्लुरोयुरॅसिलचा विषय निघालाच आहे तर १९९३ चं जपान सांगायलाच हवं. जिवाणू आणि औषध मिळून काय करू शकतात याचं याहून भीषण उदाहरण माझ्या माहितीत नाही.

नागिणीवर सोरिवुडिन नावाचं नवं औषध तिथे बाजारात आलं. कॅन्सरच्या रुग्णांना नागीण निघणं नेहमीचं, त्यामुळे फ्लुरोयुरॅसिलच्या गोळ्या चालू असलेल्यांनाही ते दिलं गेलं. थोड्याच आठवड्यांत पंधरा जण दगावले आणि औषध मागे घेतलं. सोरिवुडिन स्वतः दोषी नव्हतं. आतड्यातले जिवाणू, मुख्यतः बॅक्टेरॉइड्स, त्याचं ब्रोमोव्हायनिलयुरॅसिल करतात. हा तुकडा यकृतातल्या डीपीडी या विकराला कायमचा चिकटतो. फ्लुरोयुरॅसिलचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग डीपीडीच मोडत असतं. ते बंद पडलं की नेहमीचा डोस अनेक पटींनी जड होतो: अस्थिमज्जा बसते, तोंड आणि आतडं सोलून निघतं.

त्याच कुळातलं ब्रिवुडिन काही देशांत आजही आहे आणि फ्लुरोयुरॅसिल, कॅपेसिटाबिन (शरीरात फ्लुरोयुरॅसिल होणारी गोळी) यांच्यात आणि त्याच्यात किमान चार आठवड्यांचं अंतर सांगितलं आहे. परदेशात राहणाऱ्या मुला-मुलींनी तिकडून औषधं पाठवली तर नाव वाचा. ॲसायक्लोविर आणि व्हॅलॅसायक्लोविर डीपीडीला हात लावत नाहीत.


वॉर्ड_सात · मंगळवार, दुपारी १.१५

डीपीडी जन्मतःच कमी असलेले लोकही असतात. फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनच्या आधी त्याची तपासणी करावी असं युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सांगितलं. पहिल्याच सायकलच्या पहिल्या आठवड्यात तोंडाला भयंकर फोड आणि जुलाब एकदम आले तर "केमोत होतंच असं" म्हणून पुढची गोळी द्यायची नाही. कॅपेसिटाबिन तिथेच थांबवून फोन.

यूजीटी१ए१ चंही तसंच आहे. त्याच्या जनुकात टीए ही जोडी सहाऐवजी सात वेळा असली आणि दोन्ही प्रतींत असली की झाकण बसवणंच मंदावतं, पांढऱ्या पेशी जास्त कोसळतात. भारतीयांमध्ये हा फरक दुर्मीळ नाही. जनुकाची चाचणी परवडत नसेल तर निदान जुने रिपोर्ट उलटून पाहा: इतर लिव्हर टेस्ट नॉर्मल, पण इनडायरेक्ट बिलिरुबिन वर्षानुवर्षं थोडं वर, आणि उपास घडला की डोळे पिवळसर. अशी नोंद दिसली तर पहिल्या डोसच्या आधी ऑन्कोलॉजिस्टच्या समोर ठेवा. बिलिरुबिन वाढलेलं आहे हे दुसऱ्या सायकलला कळण्यात अर्थ नाही.


ज्वारीभाकर · मंगळवार, दुपारी ३.३०

आहाराच्या बाजूने लिहिते. प्रोबायोटिकच्या पुडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: केमो चालू असताना, विशेषतः पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असताना, परस्पर द्यायची नाही. जुलाबावर हमखास देतात ती सॅकॅरोमायसिस बोलार्डी ही जिवंत यीस्ट आहे. पुडी फोडली की पूड हवेत उडते, हाताला लागते, तोच हात लाइनला. रक्तात यीस्ट शिरल्याची उदाहरणं आहेत, म्हणूनच युरोपात अशा रुग्णांना ती निषिद्ध केली आहे. पुडी शेजारच्या पलंगावर फोडली तरी धोका राहतो, हे वॉर्डातल्या नातेवाइकांना सांगावं लागतं.


सूक्ष्मदर्शी · मंगळवार, दुपारी ४.०२

ताई, सहमत. पण मग दही-ताकही बंद करायला लावतात त्याचं काय? मला तो अतिरेक वाटतो.


ज्वारीभाकर · मंगळवार, संध्याकाळी ५.२०

अतिरेकच आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं सगळं वर्ज्य करणाऱ्या आहाराने संसर्ग कमी होतात असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. स्वच्छता पाळली की फरक पडतो. उकळलेल्या दुधाचं, स्वच्छ भांड्यात लावलेलं, त्याच दिवशीचं दही बहुतेकांना चालतं. सीताबर्डीच्या गाड्यावरचं बर्फ घातलेलं ताक नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील तर दह्याबद्दलही युनिटचा नियम पाळा, तिथे मी माझं मत रेटणार नाही. आणि जुलाब चालू असताना दूध काही दिवस थांबवा. सोलवटलेल्या अस्तरावर लॅक्टेज हे दुधातली साखर पचवणारं विकर उरत नाही, दूध पचत नाही.

त्या दिवसांत मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, केळं, उकडलेला बटाटा, भगर. तर्री, सावजी रस्सा, कच्ची कोशिंबीर, भाकरी थोडे दिवस नको. थोडं थोडं, दोन-अडीच तासांनी.

ओआरएस चुकीचं कालवलं जातं, हे मात्र रोजचं. मोठी पुडी एक लिटरची असते. ती अख्खी एक लिटर पाण्यातच. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी टाकली की द्रावण इतकं तीव्र होतं की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. बरोबर द्रावणाची तीव्रता (ऑस्मोलॅरिटी) लिटरला २४५ मिलिऑस्मोल असते, त्यात सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल. त्यात साखर, लिंबू, ग्लुकोजची पूड काही घालायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. घामाचं पाणी वेगळं जातं. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर तोंडाने भरून निघण्याची वेळ टळली, सलाईन लागेल.


औषधवेध · मंगळवार, रात्री ८.४५

आता दुसरी बाजू. इम्युनोथेरपीत (स्वतःच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारा उपचार) हेच जिवाणू मदतनीस ठरतात असं दिसतंय. २०१८ च्या सुरुवातीला एकाच वेळी तीन गटांनी दाखवलं की पीडी-१ (प्रतिकारशक्तीचा एक ब्रेक) रोखणाऱ्या औषधांना प्रतिसाद देणाऱ्यांच्या आतड्यातली वस्ती वेगळी असते. एका गटाला ॲकरमॅन्सिया ठळक दिसला, दुसऱ्याला रुमिनोकॉकस कुळ, तिसऱ्याला बिफिडोबॅक्टेरियम. तिन्ही याद्या जुळत नाहीत, आणि म्हणूनच "हा जिवाणू घ्या" असं कोणी सांगू शकत नाही.

अँटिबायोटिकबद्दल २०१९ चा एक अभ्यास आहे, १९६ रुग्णांचा. इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या आधीच्या तीस दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात असा काळ) दोन महिने, न घेतलेल्यांचं सव्वीस. आकडा अंगावर येतो, पण सावधपणे वाचा. ज्यांना अँटिबायोटिक लागलं ते मुळात जास्त आजारी असू शकतात. तरीही सर्दीसाठी ॲझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स घेऊन मग पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाचा पहिला डोस, हे टाळण्याइतका पुरावा नक्कीच आहे.


वॉर्ड_सात · मंगळवार, रात्री ९.१०

इथे एक ओळ ठळकपणे हवी, नाहीतर लोक उलटा अर्थ घेतील. केमोवर असताना ताप एकदा ३८.३ अंश सेल्सिअस (१०१ फॅरनहाइट) किंवा तासभर ३८ (१००.४) टिकला तर अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. तेव्हा आतड्यातल्या वस्तीचा विचार करत बसायचं नाही. घरी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचाही नाही. टाळायचं आहे ते विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक.

आणि इम्युनोथेरपीतले जुलाब तिसऱ्याच जातीचे. तिथे स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर चालून जाते. लोपेरामाइड घेत घरी थांबलं तर दिवस वाया जातात. त्याला स्टेरॉइड लागतं, बहुधा प्रेडनिसोलोन १ ते २ मिग्रॅ प्रति किलो, आणि उतरवताना चार ते सहा आठवडे. म्हणून फोनवर पहिलं वाक्य "जुलाब लागले" हे पुरत नाही. "अमुक औषध, अमुक तारखेचा डोस, आज इतक्यांदा" असं सांगा.


ज्वारीभाकर · मंगळवार, रात्री १०.००

मेलानोमाच्या (त्वचेचा एक कॅन्सर) रुग्णांवरच्या २०२१ च्या अभ्यासात दिवसाला २० ग्रॅमहून जास्त तंतू खाणाऱ्यांना इम्युनोथेरपीचा फायदा अधिक काळ टिकलेला दिसला, आणि दुकानातलं प्रोबायोटिक घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. वीस ग्रॅम आपल्या ताटात अवघड नाही. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू. साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी म्हणजे १२. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचे जवळपास ३. वाटीभर भाजी आणि एक पेरू, झाले वीस. वाढवायचे हळूहळू, आठवड्याला चार-पाच ग्रॅम, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस भाकरीच सोडतो.

म्हणजे एकाच माणसाला इरिनोटेकानच्या जुलाबात भाकरी बंद आणि पुढे इम्युनोथेरपीत भाकरी हवी. घरच्यांना हा विरोधाभास वाटतो. तो नाही, अस्तर सोलवटलेलं असताना तंतू नको, शाबूत असताना हवेत.


धंतोली_काउंटर · बुधवार, सकाळी ७.३०

शौच-प्रत्यारोपणाबद्दल विचारणा होऊन राहिली आहे. कुठे करून मिळतं का, असं.


सूक्ष्मदर्शी · बुधवार, सकाळी ८.१५

२०२१ मध्ये दोन छोट्या चाचण्या आल्या. इम्युनोथेरपीला दाद न देणाऱ्या मेलानोमाच्या रुग्णांना, दाद दिलेल्यांच्या शौचातली जिवाणूवस्ती दिली. एकीत दहापैकी तिघांना आणि दुसरीत पंधरापैकी सहा जणांना फायदा झाला. उमेद वाटावी असं आहे, पण ते चाचणीतच. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या नमुन्यातून औषधाला न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांत गेला, एक दगावला. दात्याची तपासणी हाच या उपचाराचा गाभा आहे, आणि ती घरगुती पातळीवर होत नाही.

आणखी एक, जिवाणू गाठीतही बसतात. स्वादुपिंडाच्या गाठींत गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातले जिवाणू जेमसिटाबिन या केमोच्या औषधाला सायटिडिन डिॲमिनेज या विकराने निकामी करतात, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. तपासलेल्या ११३ गाठींपैकी ८६ मध्ये जिवाणू सापडले. म्हणजे एका औषधाला आतड्यातले जिवाणू जहाल करतात आणि दुसऱ्याला गाठीतले बोथट. प्रत्येक औषधाचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो.


धंतोली_काउंटर · बुधवार, सकाळी ८.४०

शेवटचा प्रश्न, हंगामात दहा जण तरी विचारतात. केमोत संत्रं चालतं का? कोणीतरी सांगतं, आंबट फळ औषध वाढवतं.


औषधवेध · बुधवार, सकाळी ९.२५

ती गोष्ट ग्रेपफ्रूटची. त्यातले फ्युरॅनोकुमरिन आतड्याच्या भिंतीतलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं विकर बंद करतात आणि निलोटिनिब, लॅपॅटिनिबसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढते. पपनसही त्याच जवळचं, तेही नको. नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं आहे, त्याला ही बंदी लागू नाही. तोंडात फोड असतील तर झोंबेल, जुलाब चालू असतील तर थांबा. एरवी धुऊन, घरी सोलून, ताजं खाऊ द्या; गाड्यावर कापून ठेवलेलं किंवा काढून ठेवलेला रस नको.